चालू फायरवॉलवरून जोडीच्या फायरवॉलवर: हाताने स्विचओव्हर कसा करायचा

जळगावात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जायला लागला की सर्व्हर-खोलीतलं माझं पहिलं काम म्हणजे फायरवॉलचे, म्हणजे आतलं जाळं आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून येणारी-जाणारी वाहतूक तपासणाऱ्या डब्याचे, पंखे साफ करणं. आमच्या पतसंस्थेच्या इमारतीच्या मागे जिनिंग आहे. हिवाळाभर कापसाची बारीक लव हवेत तरंगत असते आणि पंख्याच्या जाळीवर बसत जाते. उन्हाळ्यापर्यंत तिचा असा थर होतो की बोटाने एक कडा उचलली की अख्खी राखाडी पट्टी निघून हातात येते. डबा उघडायचा तर तो बंद करावा लागतो, आणि बंद केला की अमळनेर, चोपडा, पाचोरा, चाळीसगाव, शहादा या सगळ्या शाखांचे काउंटर थांबतात. म्हणून जोडी घेतलेली आहे: एक फायरवॉल काम करतो, दुसरा तयार उभा असतो.

जोडी असली की पहिला पडल्यावर दुसरा आपोआप काम उचलतो, हे खरं आहे. पण दुरुस्ती, साफसफाई, नवी आवृत्ती टाकणं, यूपीएस बदलणं या कामांसाठी हा बदल आपण स्वतः, आपल्या सोयीच्या वेळी करायचा असतो. माझ्या मते त्याचा खरा उपयोग याहून मोठा आहे. दुसरा फायरवॉल खरंच काम करतो का, हे तुम्ही हाताने बदल करून पाहिलेलं नसेल, तर तो आहे असं धरूच नका.

हे मी एका मे महिन्यात शिकलो. दुपारी अडीचच्या सुमारास पहिला गरम होऊन बंद पडला. दुसऱ्याने तीन-चार सेकंदांत ताबा घेतला, मुख्य कार्यालयात कुणाला कळलंही नाही. मग चोपड्याहून कॅशियर ताईंचा फोन आला, "भाऊ, खातं उघडतच नाही, नुसतं गोल फिरतंय. समोर वीस माणसं उभी आहेत." पाठोपाठ शहादा, मग पाचोरा. कारण सापडायला जवळजवळ दोन तास गेले. शाखांचे व्हीपीएन बोगदे (इंटरनेटवरून मुख्य कार्यालयापर्यंतच्या सुरक्षित जोडण्या) जोडीच्या सामाईक पत्त्याऐवजी पहिल्या फायरवॉलच्या स्वतःच्या पत्त्यावर बांधलेले होते. तो बंद पडल्यावर शाखा ज्या दारावर थाप मारत होत्या ते दारच उरलं नव्हतं. ही चूक त्याआधी कित्येक महिने तशीच पडून होती. एखाद्या शांत संध्याकाळी हाताने बदल करून पाहिला असता, तर दहा मिनिटांत दिसली असती.

खालची पद्धत पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स या मोफत फायरवॉल-प्रणालींवर बेतलेली आहे, कारण आमच्याकडे तीच आहे. बाकी कंपन्यांच्या आज्ञा पुढे दिल्या आहेत. क्रम सगळीकडे जवळपास हाच.

जोडी आतून कशी चालते

दोन्ही फायरवॉलना स्वतःचा पत्ता असतो आणि दोघांत मिळून एक सामाईक पत्ता असतो. समजा आतल्या जाळ्यात पहिला १९२.१६८.१०.२, दुसरा १९२.१६८.१०.३ आणि सामाईक १९२.१६८.१०.१. कार्यालयातली सगळी यंत्रं गेटवे (बाहेर जायचं दार) म्हणून फक्त १०.१, म्हणजे १९२.१६८.१०.१, ओळखतात. बाहेरच्या बाजूलाही तसंच, म्हणजे प्रत्येक इंटरनेट लाइनवर तीन पत्ते लागतात. इंटरनेट सेवादाराने तीसचा (/३०) पट्टा दिला असेल तर त्यात वापरण्याजोगे दोनच पत्ते असतात आणि त्यातला एक त्याच्या राउटरला जातो. एकोणतीसच्या (/२९) पट्ट्यात सहा मिळतात, तोच मागून घ्या. पीपीपीओईने लॉगिन करावी लागणारी लाइन या कामाला चालत नाही.

सामाईक पत्ता कोणाकडे असेल, हे कार्प नावाचा प्रोटोकॉल ठरवतो. तो २००४ मध्ये ओपनबीएसडीच्या ३.५ आवृत्तीत आला. ज्याच्याकडे पत्ता आहे तो मास्टर, दुसरा बॅकअप. मास्टर साधारण दर सेकंदाला 'मी आहे' अशी घोषणा २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर पाठवतो. प्रत्येकाला स्क्यू नावाचा एक आकडा दिलेला असतो, पहिल्याला शून्य आणि दुसऱ्याला बहुधा १००. आकडा जितका मोठा, तितक्या घोषणा उशिरा जातात, आणि जास्त वेळा बोलणारा जिंकतो. घोषणा थांबल्या तर दुसरा सुमारे तीन सेकंद वाट पाहून पत्ता स्वतःकडे घेतो.

पत्ता गेला तरी चालू जोडण्या तुटू नयेत म्हणून पीएफसिंक लागतं. पहिल्याकडच्या प्रत्येक जोडणीची नोंद ते दुसऱ्याकडे सतत पाठवत राहतं. त्यासाठी दोघांमध्ये स्वतंत्र केबल टाका. आणि दोन्ही यंत्रांवर इंटरफेस त्याच क्रमाने, त्याच नावाने लावलेले असू द्या. क्रम वेगळा असेल तर नोंदी पोचतात, पण चुकीच्या जागी बसतात.

तिसरी गोष्ट सेटिंगची. पीएफसेन्समध्ये नियम पहिल्यावर बदलले की ते दुसऱ्यावर आपोआप जातात (ओपीएनसेन्समध्ये ते हाताने पाठवावे लागतात), उलटे येत नाहीत. म्हणून दुसरा काम करत असताना त्याच्यावर कधीही नवा नियम लिहू नका. पहिला परत आला आणि त्याने सेटिंग पाठवलं की तुमचा बदल पुसला जाईल.

वेळ आणि माणसं

पतसंस्थेत दिवसअखेरचा हिशेब बंद झाल्यानंतरची वेळ चांगली, पण अगदी रात्री नको. साडेसहा ते आठ ही माझी आवडती वेळ आहे. सेवादाराचा माणूस फोन उचलतो, शाखेत कुणी तरी थांबलेलं असतं आणि काही अडलं तर दुकानातून केबल आणता येते. पगाराचा आठवडा, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे दोन दिवस आणि महावितरणने वीज बंदची सूचना दिलेला दिवस टाळा. दवाखान्यात किंवा कॉलेजात वेळ वेगळी असेल. ती त्या जागेवर बसणाऱ्या माणसालाच विचारा.

प्रत्येक शाखेतल्या एका माणसाला आधी फोन करा. "साडेसहाला एक-दोन मिनिटं नेट हलेल, नंतर मी फोन करीन, तेव्हा पासबुक प्रिंट आणि एक खातं उघडून बघायचं," एवढं सांगितलं की पुरतं. ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही, तो कुणीच वेळेवर वाचत नाही.

बदलाआधीची तपासणी

या भागात घाई करू नका. माझा निम्मा वेळ इथेच जातो.

दोन्ही यंत्रांत त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावरून लॉगिन करा, म्हणजे १०.२ आणि १०.३ वरून, दोन वेगळ्या खिडक्यांत. १०.१ वरून आत गेलात तर बदल होताक्षणी तुम्ही दुसऱ्याच यंत्रासमोर उभे असाल, आणि एकसारखी पानं पाहून चुकीच्या यंत्राचं बटण दाबलं जाईल. मी दोन्हींच्या पानांचा रंग वेगळा ठेवला आहे.

आता स्थिती पाहा. पीएफसेन्समध्ये 'स्टेटस' मेनूत कार्पचं पान आहे. ओपीएनसेन्समध्ये 'इंटरफेसेस'खाली 'व्हर्च्युअल आयपीज' आणि त्यात 'स्टेटस'. पहिल्यावर सगळे पत्ते मास्टर आणि दुसऱ्यावर सगळे बॅकअप दिसले पाहिजेत. एक जरी पत्ता वेगळा असेल तर तिथेच थांबा, कारण शोधा, बदल दुसऱ्या दिवशी करा. दोन्हींकडचा जोडण्यांचा आकडाही पाहा. तो तंतोतंत जुळत नाही, पण एकीकडे आठ हजार आणि दुसरीकडे चाळीस असेल तर पीएफसिंक चालत नाहीये.

मग पुढच्या जागा एकेक उघडून बघा. बाहेर जाणाऱ्या नॅट नियमात (आतला पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलणाऱ्या) सामाईक बाह्य पत्ता आहे का? डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सेवा) यंत्रांना गेटवे आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) म्हणून १०.१ देतं का? व्हीपीएन बोगद्याचा इंटरफेस म्हणून सामाईक पत्ता निवडलेला आहे का, आणि शाखेच्या राउटरवर समोरचा पत्ता म्हणून तोच लिहिला आहे का? बाहेरून आत येणारे पोर्ट-फॉरवर्ड कुठल्या पत्त्यावर आहेत? दुसऱ्या टोकाला कुणी तुमचा पत्ता त्यांच्या यादीत घालून ठेवला असेल, उदाहरणार्थ एसएमएस किंवा पेमेंटच्या सेवेने, तर तिथेही सामाईकच पत्ता हवा.

दोन्ही यंत्रांच्या सेटिंगची फाइल उतरवून लॅपटॉपवर ठेवा, नावात तारीख घालून. कन्सोल केबल (लॅपटॉप थेट फायरवॉलला जोडणारी) जवळ ठेवा. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉपला एकदा जोडून पाहा, कारण सगळंच बंद पडलं तर बाहेरून बघायला तोच मार्ग उरतो.

शेवटी खोलीत जाऊन केबली डोळ्यांनी पाहा. दोन्ही फायरवॉल एकाच यूपीएसवर आहेत का? सेवादाराची केबल ज्या छोट्या स्विचमधून दोघांत वाटली जाते, तो कुठल्या बोर्डावर आहे? दुसऱ्याच्या प्रत्येक पोर्टचा दिवा लागलेला आहे का? आमच्याकडे लाल पट्टी पहिल्याची, पिवळी दुसऱ्याची, आणि दोन्ही टोकांना पट्टी असते. एकाच टोकाला असेल तर ती केबल ऐनवेळी ओढून पाहावी लागते.

प्रत्यक्ष बदल

लॅपटॉपवर चार पिंग (समोरचा पत्ता उत्तर देतो का, ते पाहणारी चाचणी) एकाच वेळी, न थांबणारे, सुरू करा: १०.१ ला, सेवादाराच्या राउटरला, इंटरनेटवरच्या ८.८.८.८ ला आणि एका शाखेच्या आतल्या यंत्राला. चारही खिडक्या पडद्यावर शेजारी शेजारी लावा. कोणता तुकडा तुटला, हे चौघांकडे पाहून लगेच कळतं. पहिलं उत्तर देतंय आणि दुसरं नाही, म्हणजे बाहेरची केबल. पहिली तिन्ही ठीक आणि चौथं बंद, म्हणजे व्हीपीएन.

आता पहिल्या फायरवॉलच्या कार्प पानावर दोन बटणं दिसतील. एक 'टेम्पररिली डिसेबल कार्प', दुसरं 'एंटर पर्सिस्टंट कार्प मेंटेनन्स मोड'. दुसरं दाबा. पीएफसेन्समध्ये त्याने पहिल्याचा स्क्यू २५४ होतो. तो जिवंतच राहतो, पण इतका मागे सरतो की १०० वाला दुसरा पुढे येतो. तात्पुरतं बंद करण्याचं बटण रीस्टार्टनंतर टिकत नाही. पहिल्यावर नवी आवृत्ती टाकलीत, तो पुन्हा सुरू झाला आणि तुम्ही काही तपासण्याआधीच त्याने पत्ता ओढून घेतला, असं होतं. पर्सिस्टंट मोड रीस्टार्टनंतरही तसाच राहतो, तुम्ही काढेपर्यंत.

नीट लावलेल्या जोडीत बदल होताना खिडकीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' अशी एखादी ओळ येते, फार तर दोन, आणि पुढच्या ओळीपासून उत्तरं पुन्हा सुरू. व्हीपीएनची खिडकी जास्त वेळ गप्प राहते. बोगद्याच्या किल्ल्या पीएफसिंकने जात नाहीत, शाखेला नव्याने हात मिळवावा लागतो. आमच्याकडे अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत लागतात. तेवढं थांबा, हात बांधून. त्या दोन मिनिटांत घाबरून परत बटण दाबलं की बोगदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

लगेच दुसऱ्या यंत्राचं पान पाहा: सगळे पत्ते मास्टर झाले पाहिजेत. मग शाखांना ठरल्याप्रमाणे फोन. पिंग चालतो म्हणजे काम चालतं असं नाही. खातं उघडलं, पासबुक छापलं गेलं, एक छोटी पावती निघाली, तरच त्या शाखेपुढे खूण करा. फोनवरचं "हो, चालू शे" एवढं ऐकून पुढे जाऊ नका, पासबुकावर ओळ उमटली का, ते विचारा.

अडलं तर

परतीचा रस्ता सोपा आहे: पहिल्यावर मेंटेनन्स मोडला 'लीव्ह' म्हणायचं. पण आधी कारण ओळखा, दोन-तीन मिनिटं द्या.

दोन्ही यंत्रं मास्टर दिसत असतील तर एकाच्या घोषणा दुसऱ्यापर्यंत पोचत नाहीत. पानं कधी उघडतात, कधी नाही, आणि स्विचच्या लॉगमध्ये एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख-क्रमांक) दोन पोर्टांवर उड्या मारताना दिसतो. बहुतेक वेळा केबल चुकीच्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या केलेल्या गटात) असते, किंवा स्विचचं आयजीएमपी स्नूपिंग मल्टिकास्ट अडवतं. व्हर्च्युअल मशीनवर फायरवॉल असतील तर तिथल्या आभासी स्विचला प्रॉमिस्क्युअस मोड आणि खोटा मॅक पाठवण्याची मुभा द्यावी लागते. तोपर्यंत दोनपैकी एकाचं कार्प बंद करा, वाहतूक स्थिर होईल.

आणखी एक चकवा आहे. कार्पच्या प्रत्येक सामाईक पत्त्याला एक गट-क्रमांक असतो आणि त्यावरूनच त्याचा मॅक पत्ता बनतो. व्हीआरआरपी हा जुना प्रोटोकॉलही मॅक पत्ते त्याच पद्धतीने बनवतो. सेवादाराच्या राउटरवर व्हीआरआरपीचा क्रमांक १ असेल आणि तुम्हीही १ च ठेवला असेल, तर दोघांचा मॅक एकच होतो. बाहेरच्या बाजूला १ सोडून दुसराच क्रमांक द्या.

बदलानंतर तीस सेकंद सगळं गप्प आणि मग आपोआप सुरू, असं झालं तर स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री (जाळ्यात गोल फेरा होऊ नये म्हणूनची तपासणी) मोजत बसलेली असते: पंधरा सेकंद ऐकणं, पंधरा शिकणं. केबल काढून बदल केला की हे हमखास दिसतं. फायरवॉलकडे जाणाऱ्या पोर्टवर पोर्टफास्ट लावा, म्हणजे ही वाट पाहणं टळतं.

दुसऱ्यावर किती वेळ ठेवायचं

बरेच जण काम झालं की लगेच परत येतात. मी किमान एक पूर्ण कामाचा दिवस दुसऱ्यावर काढतो. सकाळी दहाची गर्दी, दुपारची उष्णता, संध्याकाळचा हिशेब, रात्रीचा बॅकअप हे सगळं त्याच्यावरून गेलं की मगच खात्री वाटते. त्या दिवसात पहिल्याची लव काढायची, पंखा बदलायचा.

आवृत्ती बदलायची असेल तर क्रम उलटा: आधी दुसऱ्यावर टाका, कारण तो मोकळा आहे. मग वाहतूक त्याच्यावर न्या, दिवसभर पाहा आणि नंतरच पहिल्यावर टाका. दोघांच्या आवृत्त्या वेगळ्या असेपर्यंत सेटिंग पाठवणं बंद ठेवा आणि नियमांना हात लावू नका.

परत येताना पहिला सुरू होऊन किमान पाच मिनिटं जाऊ द्या, म्हणजे जोडण्यांच्या नोंदी त्याच्याकडे भरतील. आकडा जुळत आला की मेंटेनन्स मोड काढा. पुन्हा चार खिडक्या, पुन्हा शाखांना फोन.

दुसऱ्या कंपन्यांचे फायरवॉल

फोर्टिगेटमध्ये आधी 'गेट सिस्टिम एचए स्टेटस'ने स्थिती पाहा. ओव्हरराइड (ठरलेल्या यंत्रालाच पुढे ठेवणारं सेटिंग) बंद असेल तर चालू यंत्रावर 'डायग्नोज सिस एचए रीसेट-अपटाइम' दिलं की त्याचं वय (किती वेळ चालू आहे तो आकडा) शून्य होतं आणि दुसरा पुढे येतो. दोघांच्या वयातला फरक ३०० सेकंदांपेक्षा कमी असेल तर तो धरला जात नाही, म्हणून लागोपाठ दोनदा बदल करायला गेलात तर अपेक्षेप्रमाणे होणार नाही. सेशन-पिकअप (चालू जोडण्यांच्या नोंदी दुसऱ्याला देणं) चालू नसेल तर जोडण्या तुटतात, ते आधी बघा. सिस्को एएसएमध्ये 'शो फेलओव्हर'मध्ये दुसरा 'स्टँडबाय रेडी' दिसला पाहिजे. मग दुसऱ्यावर 'फेलओव्हर अॅक्टिव्ह' किंवा पहिल्यावर 'नो फेलओव्हर अॅक्टिव्ह'. पालो आल्टोत चालू यंत्र 'सस्पेंड' करायचं असतं आणि काम झाल्यावर ते 'फंक्शनल' करायला विसरायचं नाही. विसरलात तर जोडीतला एक कायमचा बाहेर बसतो आणि ते पुढच्या बिघाडापर्यंत कळत नाही.

जोडी नाही, कपाटात एक जादा डबा आहे

धुळे-नंदुरबारकडच्या लहान कार्यालयांत मला हेच जास्त दिसतं, आणि तेही चालतं, जर तो डबा आधीच तयार असेल तर. सेटिंगची ताजी फाइल त्याच्यावर चढवून ठेवा. जादा डबा वेगळ्या मॉडेलचा असेल तर नेटवर्क कार्डांची नावं बदलतात, तेव्हा कुठला पोर्ट आत आणि कुठला बाहेर, हे पुन्हा ठरवून त्यावर पट्टी चिकटवा.

बदलताना आधी जुन्याची पीपीपीओई जोडणी मेनूतून रीतसर तोडा, मग वीज बंद करा. नुसती वायर ओढली तर सेवादाराकडे जुनं सेशन काही वेळ जिवंत राहतं आणि नव्या डब्याचं लॉगिन परत येतं. नंतर बाहेरची केबल, मग आतली. इथे मॅक पत्ता खरोखर बदलतो. काही सेवादार लाइन एका मॅकला बांधून ठेवतात. त्यांना फोन करा किंवा जुन्याचा मॅक नव्याच्या बाहेरच्या पोर्टवर लिहा. स्थिर पत्त्याची लाइन असेल आणि आतून सगळं ठीक दिसूनही बाहेर जात नसेल, तर समोरच्या राउटरच्या एआरपी यादीत (कुठल्या पत्त्याचा मॅक कोणता, याच्या नोंदी) अजून जुना मॅक आहे. सिस्कोच्या राउटरवर ती नोंद चार तास राहू शकते. सेवादाराला "आमच्या पत्त्याची एआरपी साफ करा" एवढंच सांगा, त्यांना समजतं.

रॅकच्या दाराला आतून एक वही बांधलेली आहे. तारीख, वेळ, कुठून कुठे, किती पिंग गेले, व्हीपीएनला किती सेकंद लागले, कुठल्या शाखेचं काय अडलं, कुणाशी बोललो. गेल्या वेळची नोंद: बाहेरचे दोन, आतला एक, चोपडा पन्नास सेकंद, शहादा एक मिनिट चाळीस. शहाद्याच्या राउटरवर समोरचं टोक गेलंय हे ओळखण्याची मुदत जास्त ठेवलेली निघाली. ती कमी केली आहे, पुढच्या बदलाला पहिला फोन तिकडेच करायचा.